न सांगता येणारं दुखणं

ऑगुस्टे डेटर नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाली, तेव्हा ती ५१ वर्षांची होती. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांचं, आलोइस अल्झायमर यांचं नाव पुढे त्या आजाराला मिळालं. तिच्या मेंदूच्या पातळ कापांमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं, ते वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. ती गेली कशाने, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. शेवटच्या काळात ती पाय पोटाशी घेऊन अंथरुणात पडून असे. पडून पडून झालेल्या जखमा चिघळल्या, संसर्ग रक्तात पसरला आणि एप्रिल १९०६ मध्ये तिचा मृत्यू झाला.

विसरण्याने कुणी मरत नाही. डिमेन्शियात, म्हणजे अल्झायमरसारख्या मेंदू झिजवणाऱ्या आजारांत, मेंदू आधी आठवण सोडतो, मग शब्द, मग चालणं, बसणं, आणि सगळ्यात शेवटी गिळणं. माणूस जातो तो न्यूमोनियाने, लघवीच्या संसर्गाने, जखमांनी किंवा खाणंपिणं हळूहळू सुटत गेल्याने. म्हणजे ज्याला आपण मनाचा आजार समजून बसतो, त्याचा अखेरचा सगळा भाग शरीराचा असतो. ते शरीर सुसह्य ठेवणं हेच पॅलिएटिव्ह केअरचं काम.

ही शाखा मुळात उभी राहिली ती कॅन्सरच्या रुग्णांभोवती. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची निगा राखणारं केंद्र, सुरू केलं. तिथल्या कामाचा पाया होता रुग्णाचं ऐकणं: कुठे दुखतं, कसं दुखतं, कशाची भीती वाटते. डिमेन्शियात नेमका हाच पाया निसटतो. दुखणं राहतं, सांगणारा राहत नाही. म्हणून इथे औषधांच्या आधी निरीक्षणाची शिस्त लागते, आणि माझ्या मते ती डॉक्टरांपेक्षा रोज अंग पुसणाऱ्या, भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या माणसाच्या हातात जास्त असते.

ही पॅलिएटिव्ह केअर सुरू कधी करायची? 'अजून ती वेळ आलेली नाही' असं घरोघरी म्हटलं जातं आणि त्यात वर्षं जातात. कॅन्सरमध्ये बऱ्याचदा शेवटचे काही महिने उतार स्पष्ट दिसतो. डिमेन्शियात तसं होत नाही. उतार लांबलचक आणि मंद असतो, मध्येच एखादा संसर्ग खाली ढकलतो, माणूस थोडा सावरतो, पण आधीच्या पायरीवर परत येत नाही. आजार किती पुढे गेला हे मोजणाऱ्या, बॅरी रीसबर्ग यांच्या 'फास्ट' मापनश्रेणीत सातवी पायरी शेवटची: आधी बोलणं दिवसाला पाचसहा शब्दांवर येतं, मग एका शब्दावर, मग चालणं थांबतं, मग आधाराशिवाय बसणं, मग हसणं आणि अखेर मान धरणं. पण ही श्रेणी अल्झायमरसाठी आखलेली आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे झालेल्या डिमेन्शियात पायऱ्या या क्रमाने येतीलच असं नाही, त्यामुळे तिच्यावरून महिने मोजायला जाऊ नये.

सुझन मिशेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नर्सिंग होममधल्या (तिथे हे वृद्धांच्या कायमच्या निगेचं ठिकाण असतं), डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यातल्या ३२३ रुग्णांची १८ महिने नोंद ठेवली. तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळात निम्म्याहून अधिक जण गेले. सुमारे ८६ टक्क्यांना खाण्यागिळण्याची अडचण आली, ४१ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. न्यूमोनिया झालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे पुढच्या सहा महिन्यांत दगावले. या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्या नातेवाइकांना हा आजार कुठे चालला आहे आणि पुढे काय काय होईल हे नीट कळलेलं होतं, त्यांच्या माणसाच्या वाट्याला शेवटच्या तीन महिन्यांत दवाखान्याच्या खेपा, सलाइन, नळ्या बऱ्याच कमी आल्या. नुसतं नीट कळलेलं असण्याशी एवढा फरक जोडलेला दिसतो.

आता दुखण्याकडे येऊ. डिमेन्शिया झाला म्हणून गुडघ्यातला संधिवात बरा होत नाही, किडलेला दात शांत होत नाही. फक्त त्याचं रूप पालटतं. आंघोळीला नेताना हात उगारणं, कपडे बदलताना ओरडणं, रात्रभर चादर ओढत राहणं, जेवण नाकारणं, कुणी जवळ आलं की अंग आक्रसून घेणं. याला 'चिडके झालेत', 'हट्टी झाल्यात' अशी नावं पडतात आणि मग झोपेचं औषध येतं. झोपेच्या औषधाने दुखणं थांबत नाही, ओरडणं तेवढं थांबतं.

मोजायचं कसं, याचं एक सोपं साधन आहे: 'पेनॅड'. व्हिक्टोरिया वॉर्डन, अॅन हर्ली आणि लॅडिस्लाव व्होलिसर यांनी ते २००३ मध्ये मांडलं. पाच गोष्टी पाहायच्या: श्वास, तोंडातून निघणारा आवाज, चेहरा, अंगाची ठेवण, आणि समजूत घातली तर शांत होतात का. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण दहा. एक ते तीन सौम्य, चार ते सहा मध्यम, त्यावर तीव्र. साधारण पाच मिनिटं पाहायचं, आणि तेही दोनदा: एकदा स्वस्थ पडलेले असताना, एकदा हलवताना. इथेच बहुतेकांची चूक होते. खुर्चीत शांत बसलेल्या माणसाला शून्य गुण देऊन मोकळं व्हायचं. पण त्याच माणसाला कुशीवर वळवताना सात गुण निघतात. हेही लक्षात ठेवावं की हे गुण फक्त अस्वस्थता दाखवतात. ती भीतीची असेल, थंडीची असेल, ओल्या कपड्यांचीही असेल. दुखणं आहे की नाही हे ठरवायला पुढची पावलं लागतात.

पहिलं पाऊल शोधण्याचं. पोट किती दिवसांत साफ झालेलं नाही? घट्ट खडा अडकून त्याच्या कडेने पातळ शौच गळत असतं, त्यामुळे 'जुलाब लागलेत' असा उलटा समज होतो, आणि जुलाब थांबवायचं औषध दिलं की आतला खडा आणखी बसतो. ओटीपोट फुगलंय का, लघवी तुंबली आहे का? तोंडात टॉर्च मारून दात, हिरड्या, टाळूवरचा पांढरा थर पाहावा. कवळी टोचते का? टाचा, माकडहाड, कंबरेच्या बाजू लाल झाल्यात का? पायाची नखं वळून मांसात शिरलीत का? चष्मा आणि कानाचं यंत्र जागेवर आहे का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण नीट दिसत नाही, ऐकू येत नाही आणि अचानक कुणीतरी अंगाला हात लावतं, या स्थितीत कुणीही हात झटकेल.

काही सापडलं नाही किंवा सापडलं ते लगेच बरं होणारं नसेल, तर दुखण्याचं औषध देऊन पाहायचं. सुरुवात पॅरासिटामॉलने, पण ठरलेल्या वेळी. 'दुखलं तर द्या' अशी चिठ्ठी या आजारात निरुपयोगी ठरते, कारण मागणारं कुणी नसतं. अशक्त वृद्धासाठी दिवसाची कमाल सहसा ३ ग्रॅम धरतात; वजन ५० किलोच्या आत असेल किंवा यकृत बिघडलेलं असेल तर त्याहून कमी, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं. सर्दीच्या गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं, ते या हिशेबात धरायला विसरू नये. आंघोळ, मलमपट्टी यांच्या आधी पाऊण तास मात्रा पडेल असं वेळापत्रक लावलं तर तोच डोस दुप्पट उपयोगी पडतो. आधीचे आणि नंतरचे गुण वहीत लिहावेत, आठवडाभर पाहावं. काहीच फरक नसेल तर औषध बंद करून दुसरं कारण शोधावं.

याला आधार आहे. बेटीना हुसेबो आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेतल्या १८ नर्सिंग होममधल्या ३५२ रुग्णांवर असा पायरीपायरीचा वेदनाउपचार आठ आठवडे करून पाहिला. २०११ मध्ये निष्कर्ष आले: अस्वस्थता सरासरी १७ टक्क्यांनी उतरली. त्यात बहुतेकांना नुसतं पॅरासिटामॉलच दिलेलं होतं. उपचार थांबवल्यावर काही आठवड्यांत अस्वस्थता पुन्हा चढली. पुढची पायरी मॉर्फिनसारख्या औषधांची. ती अगदी छोट्या मात्रेत, मूत्रपिंडाचं काम पाहून, आणि पहिल्या दिवसापासून पोट साफ ठेवणाऱ्या औषधासोबतच सुरू व्हायला हवीत. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाने वृद्धांमध्ये गोंधळ वाढू शकतो, झटकेही येऊ शकतात, म्हणून ते 'सौम्य' समजून देऊ नये. आणि ज्याला याआधी मॉर्फिन कधी दिलेलं नाही, त्याला फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाची त्वचेवर चिकटवायची पट्टी लावणं धोक्याचं. ती सोयीची दिसते, पण तिचा जोर उतरायला वेळ लागतो आणि तोवर श्वास मंदावू शकतो.

औषधं वाढवण्याइतकीच काढणंही महत्त्वाचं, आणि ते फार कमी होतं. मनोविकारांवरच्या अँटिसायकोटिक गोळ्यांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे १.६ ते १.७ पट वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला. ल्युई बॉडी नावाच्या प्रकारचा डिमेन्शिया असेल तर हॅलोपेरिडॉल या अशाच गोळीच्या थोड्या मात्रेनेही अंग लाकडासारखं कडक होऊ शकतं. खाज, लघवी यांसाठीची काही जुनी औषधं मेंदूला आणखी सुस्त करतात आणि तोंड कोरडं पाडतात. कोलेस्टेरॉलची गोळी दहा वर्षांनंतरच्या हृदयविकारासाठी असते; जिथे हातात महिने आहेत तिथे ती गिळताना लागणारा ठसकाच काय तो पदरात पडतो. साखर काटेकोर ठेवण्याचा अट्टहासही सोडावा, कारण खाणं अनिश्चित असताना साखर एकदम उतरणं जास्त घातक. स्मरणशक्तीसाठी दिल्या जाणाऱ्या डोनेपेझिलने भूक मरू शकते, जुलाब होऊ शकतात, नाडी मंदावू शकते. ते थांबवायचं ठरलं तर एकदम बंद न करता आधी मात्रा निम्मी करून काही आठवडे पाहतात.

आणि आता खाणं. घरातली सगळी भांडणं, सगळा अपराधभाव इथे येऊन साचतो.

खाणं अचानक सुटलं की हळूहळू, हा पहिला प्रश्न. दोनचार दिवसांत एकदम सुटलं असेल तर बरं होण्यासारखं काहीतरी बहुधा सापडतं: दात, तोंडातली बुरशी, पोटातला खडा, नवीन औषध, संसर्गाने आलेली गुंगी. महिनोन्महिने मंदावत गेलं असेल तर तो आजाराचाच भाग. तिथे उरतं ते हाताने, सावकाश भरवणं.

त्याची पद्धत अशी. माणूस पूर्ण जागा असताना आणि ताठ बसवूनच भरवायचं, हनुवटी किंचित खाली. मान मागे पडलेली असेल तर घास थेट श्वासनलिकेकडे घरंगळतो. भरवणाऱ्याने समोर किंवा किंचित बाजूला, डोळ्याच्या पातळीवर बसावं. उभं राहून भरवलं की समोरच्याची मान आपोआप वर होते. छोटा चमचा, तोही अर्धा. चमचा जिभेच्या मध्यावर हलकेच दाबून ओठ मिटायची वाट पाहावी. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की गिळलं; ते दिसेपर्यंत दुसरा घास नाही. मधूनमधून नुसता रिकामा चमचा ओठांना लावला तर तोंडात उरलेलं गिळलं जातं. गालात घास साठवलाय का, हे शेवटी बोट नव्हे, टॉर्च वापरून पाहावं. बोट घातलं की चावण्याची प्रतिक्षिप्त क्रिया होते. घट्टपणा सगळीकडे सारखा हवा. पातळ रसात तरंगणारे तुकडे सर्वांत वाईट, कारण तोंडाला दोन वेगवेगळी कामं एकाच वेळी करावी लागतात. जेवणाला अर्धा ते पाऊण तास लागतो, त्यानंतर अर्धा तास बसवून ठेवावं. सिरिंजने तोंडात ढकलू नये. जेवणाचा तासही बदलून पाहावा: पुष्कळ जण सकाळी सर्वांत सावध असतात, तर मोठं जेवण तेव्हाच द्यावं, रात्रीच्या ताटाचा आग्रह घड्याळाचा असतो, पोटाचा नव्हे.

ओलसर, घोगरा आवाज, डोळ्यांतून पाणी, घासामागून खोकला ही चुकीच्या नळीत जात असल्याची खूण. पण काहींना खोकलाच येत नाही, आणि थोड्या वेळाने ताप येतो. पाणी घट्ट करणाऱ्या पावडरीबद्दल दोन्ही बाजू पाहाव्यात. एक्स-रेखाली गिळणं पाहिलं तर घट्ट द्रव श्वासनलिकेत कमी जातो, हे खरं. पण तो अनेकांना आवडत नाही, ते कमी पितात आणि अंगातलं पाणी घटतं. न्यूमोनिया त्याने नक्की टळतो असं सिद्ध झालेलं नाही. मग जे आवडीने पितात ते, थोडा धोका पत्करून, छोट्या घोटांनी देणं हा रीतसर निर्णय आहे. तो हलगर्जीपणा नाही. फक्त तो सगळ्यांनी मिळून घेतलेला आणि लिहून ठेवलेला असावा.

नळीचं काय? पोटात भोक पाडून बसवायची आजची नळी मायकेल गॉडरर आणि जेफ्री पॉन्स्की यांनी १९८० मध्ये मांडली, ती गिळता न येणाऱ्या लहान मुलांसाठी. पक्षाघातानंतर गिळणं परत येण्याची आशा असेल तेव्हा नळी माणसाला तारून नेते. शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात मात्र थॉमस फिनुकेन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये उपलब्ध पुरावा चाळला, तेव्हा आयुष्य वाढतं, न्यूमोनिया टळतो, जखमा भरतात, यांपैकी एकाही गोष्टीला आधार मिळाला नाही. नंतरच्या आढाव्यांनीही चित्र बदललेलं नाही. कारण साधं आहे: न्यूमोनिया होतो तो स्वतःच्या लाळेने आणि पोटातून वर येणाऱ्या अन्नानेही, आणि नळी त्यातलं काहीच अडवत नाही. नाकातली नळी तर माणूस उपटतोच. मग हात बांधले जातात, बांधलेला माणूस हलत नाही, आणि न हलणाऱ्याच्या पाठीला जखम होते. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी ही वृद्धांवर उपचार करणाऱ्यांची संघटनाही या टप्प्यावर नळीऐवजी हाताने भरवण्याचीच शिफारस करते. 'उपाशी ठेवायचं का?' या प्रश्नाला उत्तर असं, की शरीर अन्न वापरेनासं झालं म्हणून खाणं सुटतं. खाणं सुटलं म्हणून शरीर थांबत नाही. या अवस्थेत त्रास होतो तो कोरड्या तोंडाचा, आणि त्यावर सलाइनपेक्षा ओला बोळा जास्त कामाचा.

तोंडाची निगा म्हणून स्वतंत्र काम समजावं. दिवसातून दोनदा मऊ ब्रश, जागे असताना दर दोन तासांनी ओलं स्पंज, ओठांना पातळ थर मलमाचा, रात्री कवळी बाहेर. त्वचेसाठी कूस साधारण दर दोन तासांनी बदलतात. पूर्ण ९० अंशांत आडवं न टाकता पाठीमागे उशी लावून ३० अंशांचा कल पुरे, म्हणजे कमरेच्या हाडावर सगळा भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवाव्यात. मिटलेली मूठ जोराने उघडू नये. मनगट हलकेच आत वाकवलं की बोटं सैल होतात, मग तळव्यात कापडाची सुरळी ठेवता येते. आंघोळीला नेणं म्हणजे रोजचं युद्ध होत असेल तर बिछान्यातच कोमट ओल्या टॉवेलने, एकेक भाग उघडून, बाकीचं अंग झाकून पुसावं.

न्यूमोनिया आला की निर्णयाची घाई होते, म्हणून तो आधीच झालेला बरा. प्रतिजैविकांनी या टप्प्यावर आयुष्य काही काळ वाढू शकतं. आराम मात्र वाढतोच असं दिसलेलं नाही. दवाखान्यात हलवलं तर अनोळखी जागेत गोंधळ उसळतो, आणि अनेकदा चालणं, खाणं कायमचं जातं. मांडीचं हाड मोडलं असेल तर वेदनेसाठीसुद्धा दवाखाना लागू शकतो. तापासाठी लागेलच असं नाही. हे सगळं त्या माणसाला विचारण्याची वेळ आजाराच्या सुरुवातीला असते. तेव्हा 'नळी हवी का' असं न विचारता, कशाशिवाय जगणं नको वाटेल, कोण जवळ असावं, कुणी निर्णय घ्यावा, हे विचारावं आणि एका पानावर लिहावं. ती संधी हुकली असेल तर डॉक्टरांनी घरच्यांना 'तुम्हाला काय हवं' असं विचारू नये. 'त्या आज पाच मिनिटं पूर्वीसारख्या शुद्धीवर आल्या आणि स्वतःकडे पाहिलं, तर काय म्हणतील?' असं विचारलं तर मुलांच्या खांद्यावरचं ओझं पुष्कळ हलकं होतं. अशा लेखी इच्छेला कायद्याने किती वजन आहे ते देशोदेशी वेगळं असतं, ते तपासून घ्यावं.

शेवटच्या दिवसांत श्वास थांबून थांबून चालतो, हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसते. धाप लागली तर चेहऱ्यावर पंख्याची झुळूक आणि मॉर्फिनची लहान मात्रा. रक्तातला ऑक्सिजन उतरलेला नसेल तर ऑक्सिजनने विशेष फरक पडत नाही. घशात घरघर लागते ती साठलेल्या स्रावाची. कुशीवर वळवलं, डोकं थोडं उचललं की ती बरीच कमी होते. घशात खोल नळी घालून स्राव ओढू (सक्शन करू) नये, त्याने स्राव आणखी वाढतो. औषध द्यायचं तर स्राव कमी करणारं ग्लायकोपायरोलेट बरं, ते मेंदूत फारसं शिरत नाही. ही घरघर ऐकणाऱ्यांना जितकी असह्य होते तितकी त्या बेशुद्ध माणसाला बहुधा होत नाही, हे खोलीतल्या सर्वांना आधी सांगून ठेवावं. गिळणं थांबल्यावर वेदनेची औषधं त्वचेखालून किंवा गुदद्वारातून द्यावी लागतात. ती कोण देणार आणि ती औषधं घरात आहेत का, हे शुक्रवारी संध्याकाळी शोधायची गोष्ट नाही.

सांभाळणाऱ्यांबद्दल थोडं. पॉलिन बॉस यांनी 'संदिग्ध वियोग' ही कल्पना मांडली: माणूस समोर आहे, तरी गेलेला आहे, आणि त्यामुळे रडायलाही परवानगी नाही. मृत्यूनंतर हायसं वाटणं यात पाप नाही. ते इतकं सर्रास असतं की डॉक्टरांनी आपणहून बोलून दाखवावं. रात्री झोप मोडणारं माणूस एकच असेल तर ही व्यवस्था काही महिन्यांत कोसळते. आठवड्यातल्या किमान दोन रात्री दुसऱ्या कुणाकडे असाव्यात, आणि ते नाव वेदनेच्या वहीच्या पहिल्याच पानावर, औषधांच्या वेळांशेजारी लिहिलेलं असावं.